दोन ग्रॅम हायड्रोजनमध्ये किती तांबं?

१९०८ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ॲम्पिअरची व्याख्या पक्की झाली, ती चक्क तराजूच्या भरवशावर. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून दर सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी जमा करणारी स्थिर विद्युतधारा म्हणजे एक ॲम्पिअर. मोजायची रीत मोठी नाजूक होती. प्लॅटिनमची वाटी काटेकोर तोलायची, तिच्यात द्रावण भरायचं, वरून चांदीचा तुकडा बुडेल असा टांगायचा आणि ठरावीक वेळ धारा सोडायची. मग द्रावण ओतून टाकायचं, वाटीला आतून चिकटलेले चांदीचे पांढुरके स्फटिक एकही न सांडता धुवायचे, वाटी वाळवायची आणि पुन्हा तोलायची. वजन जितकं वाढलं, तितका विद्युतप्रभार वाहून गेला. १९४८ पर्यंत ही व्याख्या टिकली.

वीज अशी तोलता येते, कारण इलेक्ट्रॉनच्या व्यवहारात उधारी नसते. द्रावणातल्या चांदीच्या आयनाला (म्हणजे प्रभारित अणूला) धातू होण्यासाठी एक इलेक्ट्रॉन लागतो, तांब्याच्या आयनाला दोन, ॲल्युमिनिअमच्या आयनाला तीन. मोल म्हणजे डझनासारखंच एक माप, अणू, रेणू, इलेक्ट्रॉन मोजायचं, फक्त प्रचंड मोठं. कूलोम हे प्रभाराचं एकक: एक ॲम्पिअर धारा एक सेकंद वाहिली की एक कूलोम. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार भरतो ९६,४८५ कूलोम. हा फॅरडेचा स्थिरांक. १८३०च्या दशकात मायकेल फॅरडेनं विद्युत अपघटनाचे, म्हणजे विजेनं पदार्थ विघटित करण्याचे, नियम मांडले, तेव्हा इलेक्ट्रॉन कुणालाच ठाऊक नव्हता, हे लक्षात घेतलं की त्याच्याबद्दलचा आदर आणखी वाढतो. चांदीचं मोलर वस्तुमान, म्हणजे एक मोल चांदीचं वजन, १०७.८७ ग्रॅम. त्याला ९६,४८५ ने भागून पाहा: ०.००१११८. व्याख्येतला आकडा जसाच्या तसा हाती येतो.

आता दुसरी बाजू. मुलामा देताना, म्हणजे विजेनं धातूचा थर चढवताना, धातूचे आयन इलेक्ट्रॉन घेतात. इंधनघटात, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या घटात, हायड्रोजन ते देतो. विल्यम ग्रोव्हनं १८३९ साली ही कल्पना प्रयोगानं दाखवली. हायड्रोजनचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो. ते तारेतून फिरून ऑक्सिजनकडे पोचतात आणि तिथे पाणी तयार होतं.

इंधनघटाच्या तारा तांब्याच्या मुलाम्याच्या भांड्याला जोडल्या तर? २ ग्रॅम हायड्रोजन, म्हणजे एक मोल, दोन मोल इलेक्ट्रॉन देतो. तेवढ्यात एक मोल तांबं बसतं: ६३.५ ग्रॅम. चांदी असेल तर २१६ ग्रॅम. या उत्तरात ना वेळ आला, ना ॲम्पिअर! मला हे गणित आवडतं ते यासाठीच. धारा आणि वेळ लागतात ते फक्त इलेक्ट्रॉन मोजायला. ५ ॲम्पिअरची धारा तासभर चालली, तर १८,००० कूलोम, म्हणजे ०.१८७ मोल इलेक्ट्रॉन. दोनानं भागलं की ०.०९३ मोल. तितकंच तांबं, म्हणजे ५.९ ग्रॅम, तितकाच हायड्रोजन, शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला जेमतेम २.१ लिटर.

इथे एक फसगत होते, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. इलेक्ट्रॉनांची संख्या जुळली म्हणून काम होतंच असं नाही. त्यांना ढकलायला व्होल्ट लागतात. एका इंधनघटातून २५ अंश सेल्सिअसला सिद्धांतानुसार १.२३ व्होल्ट मिळायला हवेत, प्रत्यक्षात भार जोडल्यावर साधारण ०.७ उरतात. तांब्याचा मुलामा देताना धनाग्र, म्हणजे धन टोकाला जोडलेला तुकडाही, तांब्याचाच असतो. एकीकडे तांबं विरघळतं, दुसरीकडे बसतं, त्यामुळे थोडक्या व्होल्टमध्ये भागतं. ॲल्युमिनिअमच्या भट्टीला मात्र चारहून जास्त व्होल्ट लागतात. म्हणजे सहा घट एकसर, एकामागोमाग एक, जोडले पाहिजेत. आणि एकसर जोडणीत तोच प्रभार सहाही घटांतून जातो, प्रत्येक घट त्यासाठी स्वतःचा हायड्रोजन खर्च करतो. दोन मोल इलेक्ट्रॉनांत १८ ग्रॅम ॲल्युमिनिअम बसतं खरं, पण हायड्रोजन २ नव्हे, १२ ग्रॅम जातो. व्होल्ट वाढवले की इंधनाचं बिल घटांच्या संख्येनं गुणलं जातं.

हाच गुणाकार अपोलो यानांत उपयोगी पडला. तिथल्या इंधनघटांच्या प्रत्येक संचात ३१ घट एकसर जोडलेले होते, आणि त्यांत तयार होणारं पाणी अंतराळवीर पीत. एक ॲम्पिअर-तास म्हणजे ३,६०० कूलोम. त्यातून एका घटात ०.३३६ ग्रॅम पाणी होतं, ३१ घटांत १०.४ ग्रॅम. संचातून २५ ॲम्पिअर दिवसभर वाहत राहिले असं धरलं, तर सव्वासहा लिटर. आणि पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी हवं असेल, तर मीटरवर सुमारे १९ ॲम्पिअर-तास पडायला हवेत.