०.०००४५ मधली शून्ये गेली कुठे?

०.०००४५ ही संख्या ४.५ × १०^-४ अशी, म्हणजे वैज्ञानिक मांडणीत, लिहायला आज क्षणभर पुरतो. दशांश चिन्ह ४ च्या उजवीकडे येईपर्यंत सरकवायचे, किती घरे सरकले ते मोजायचे आणि तो आकडा ऋण करून १० च्या डोक्यावर ठेवायचा. ही सोपी कृती पुरी व्हायला जवळजवळ तीन शतके लागली.

मोठ्या संख्यांची वाट फार आधी सापडली होती. विश्व भरायला वाळूचे किती कण लागतील, याचा आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात केलेला अंदाज आजच्या मांडणीत १०^६३ च्या घरात जातो. लहान संख्यांचे घोडे मात्र अडले होते. युरोपात दशांश अपूर्णांक रोजच्या हिशेबात आणण्याचा आग्रह सायमन स्टेव्हिनने १५८५ मध्ये एका छोट्या पुस्तिकेतून धरला. तो दशांश चिन्ह देत नसे. प्रत्येक अंकाजवळ त्याचे स्थान वर्तुळात लिही. चौथ्या घरातल्या अंकाजवळ वर्तुळात ४. मला ते वर्तुळ फार मोलाचे वाटते, कारण घातांक तिथे आलेलाच आहे, उणे चिन्ह तेवढे राहिले आहे.

देकार्तने १६३७ मध्ये घातांक अक्षराच्या डोक्यावर बसवला, पण तो धनच. ऋण घातांकाचा अर्थ जॉन वॉलिसने १६५६ मध्ये लावला आणि न्यूटनने १६७६ च्या पत्रात तो मोकळेपणाने लिहिला.

खरी तालीम झाली ती लॉगच्या कोष्टकांत. १० चा जो घात घेतला की एखादी संख्या मिळते, तो घातांक म्हणजे त्या संख्येचा लॉग. हेन्री ब्रिग्जने १० हा पाया धरून १६२४ मध्ये मोठी कोष्टके छापली. ४.५ चा लॉग ०.६५३२, ४५० चा २.६५३२. दशांश भाग तोच, बदलतो फक्त पूर्णांक. मग ०.०००४५ साठीही तोच ०.६५३२ ठेवायचा आणि पुढचा पूर्णांक उणे ४ धरायचा. ही खूण दाखवायला पुढे ४ च्या डोक्यावर आडवी रेघ देऊ लागले. रेघ फक्त पूर्णांकावर, कारण दशांश भाग धन राहिला तरच एकच कोष्टक सगळीकडे चालते. मांडणीतला पहिला गुणक, इथे ४.५, १ ते १० मध्येच का हवा, याचे उत्तरही इथेच मिळते: कोष्टक तेवढ्याच पट्ट्यासाठी लागते. लॉग पाहणारा प्रत्येक जण वैज्ञानिक मांडणीच करत होता, फक्त ती तशी लिहीत नव्हता.

ती लिहिण्याची निकड एकोणिसाव्या शतकातल्या मोजमापांनी आणली. ऑंगस्ट्रॉमने १८६८ मध्ये सूर्यप्रकाशाच्या तरंगलांबी मिलिमीटरच्या एक कोट्यंशात मांडल्या. १८७३ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या एकक-समितीने जॉर्ज जॉनस्टन स्टोनी यांची सूचना उचलली: १०^९ ग्रॅमला ‘ग्रॅम-नऊ’ म्हणावे, १०^-९ ग्रॅमला ‘नववा ग्रॅम’. नावे टिकली नाहीत, पण घातांकच बोलण्यात आणायची कल्पना सुरेख होती.

संगणकाच्या पंचकार्डावर अंक डोक्यावर चढवता येत नसे. म्हणून १९५७ च्या फोरट्रान या संगणकीय भाषेत मध्ये ‘ई’ हे अक्षर घालून ४.५ई-४ असे लिहू लागले. घातांक पुन्हा ओळीत, अंकांशेजारी आला, स्टेव्हिनच्या वर्तुळासारखा.