रेघोट्या (डूडल)

मन दुसरीकडे गुंतलेले असताना हाताने सहज काढलेल्या रेषा, चौकटी, वेलबुट्ट्या, चेहरे. फोनवर बोलताना किंवा बैठकीत त्या वहीच्या समासात उमटतात. ‘डूडल’ हा इंग्रजी शब्दही आता मराठीत रुळला आहे. चित्र काढायचे असे ठरवलेलेच नसल्याने चांगले-वाईट हा प्रश्न येत नाही.

रेघोट्या ओढणाऱ्याचे लक्ष नाही, असे समजून वर्गात मुलांना दटावले जाते. ते पुष्कळदा अन्यायाचे असते. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 40 जणांना अडीच मिनिटांचा कंटाळवाणा फोन-संदेश ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे छोटे आकार पेन्सिलीने भरायला सांगितले होते. नंतर अचानक विचारल्यावर या गटाला 16 पैकी सरासरी 7.5 नावे-गावे आठवली, दुसऱ्या गटाला 5.8. कंटाळलेले मन दिवास्वप्नात हरवते. हाताला हलके काम असले की ते तितके दूर जात नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण. मात्र आखून दिलेले आकार भरणे आणि मनाला येईल ते रेखाटणे एकच नव्हे, आणि पुढच्या सगळ्या प्रयोगांत असाच फायदा दिसलेला नाही.

रेघोट्यांवरून स्वभाव ओळखता येतो, हा दावा विश्वासार्ह नाही. 2005 मध्ये दाव्होसच्या परिषदेत सापडलेला कागद ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचा समजून वृत्तपत्रांनी तज्ज्ञांकडून त्यांच्या मनाचे विश्लेषण करून घेतले. कागद निघाला बिल गेट्स यांचा. रवींद्रनाथ टागोरांच्या हस्तलिखितांत मात्र खोडलेले शब्द एकमेकांना जोडत पक्षी-प्राणी झाले आणि त्या खाडाखोडीतूनच त्यांची चित्रकला उमलली. 1930 मध्ये पॅरिसला तिचे प्रदर्शन भरले.

ब्रिटनमधील ‘नॅशनल डूडल डे’ या उपक्रमात नामवंतांनी सही करून दिलेल्या रेघोट्यांचा ईबेवर लिलाव करून अपस्माराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या ‘एपिलेप्सी अ‍ॅक्शन’ संस्थेला निधी दिला गेला. देणाऱ्याची चार-पाच मिनिटे जातात, खर्च कागद-पेनाचा, चित्रकला येण्याची अट नाही; घेणाऱ्याला मात्र दुसरी प्रत नसलेली वस्तू मिळते. शिवाय लिलावाच्या निमित्ताने आजाराचे नाव चारचौघांत उघडपणे घेतले जाते. फिट आलेल्याला अजूनही कांदा किंवा चप्पल हुंगवणाऱ्या आपल्या समाजात तर हे पैशांइतकेच मोलाचे आहे.