काळ्या मांजराच्या पाठीवरचे ठिपके

आमच्याकडे एक काळं मांजर येतं. कुणाचं आहे कोण जाणे. दिवे लावायच्या सुमारास ते कोपऱ्यातल्या खुर्चीत अंगाची जुडी करून झोपतं आणि मी दर दोन-चार दिवसांनी त्याचा फोटो काढायला जातो. मला दिसते ती मऊ काळी पाठ, तिच्यावरून ओघळणारा टेबललॅम्पचा पिवळट उजेड, एक कान किंचित उभा. फोटोत मात्र पाठभर लाल, निळ्या, हिरव्या ठिपक्यांचा सडा पडलेला असतो.

घरचे म्हणतात, ‘फोटो फाटला.’ आम्ही हौशी मंडळी त्याला नॉइज म्हणतो आणि सगळा दोष आयएसओच्या, म्हणजे फोटो किती उजळ दाखवायचा हे ठरवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या आकड्याच्या, माथी मारून मोकळे होतो. आयएसओ वाढवला की ठिपके येणारच, हे मी वर्षानुवर्षं ऐकलं आणि नवशिक्यांना तितक्याच ठामपणे ऐकवलंही. एकदा तर सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, खराब झाला असं समजून तो साफ करून आणला. सेन्सर लखलखीत झाला, ठिपके होते तसेच राहिले.

मग एका संध्याकाळी, मांजर आलं नव्हतं म्हणून, मी दोन साध्या चाचण्या केल्या. आयएसओ ६४०० ठेवून राखाडी भिंतीचा एक फोटो काढला. लगेच लेन्सला झाकण लावून, बाकी काही न बदलता, दुसरा काढला. ठिपके कॅमेरा स्वतः तयार करत असेल, तर झाकणाआडही ते तितकेच दिसायला हवेत. तिथे ते होते, नाही असं नाही. पण भिंतीच्या मानाने अगदीच किरकोळ. म्हणजे बहुतेक ठिपके लेन्समधून, उजेडाबरोबरच आत येत होते.

दुसरी चाचणी आयएसओची. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि शटर (ते उघडं राहण्याचा वेळ) तेच ठेवून आयएसओ ६४०० वरून ४०० वर आणला. फोटो जवळजवळ काळा आला. त्याची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, संगणकावर १६ पट उजळली, तर तेच ठिपके हजर, उलट थोडे जास्तच. आयएसओ वाढवल्याने सेन्सर जास्त प्रकाश पकडत नाही. जेवढा पकडला गेला, तेवढाच तो मोठा करून दाखवतो. रेडिओचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, पण खरखर त्या बटणातून येत नसते.

मग येते कुठून?

पावसाचे पहिले टपोरे थेंब अंगणातल्या फरशांवर पडताना आठवा. पाऊस सगळीकडे सारखाच पडतोय, तरी पहिल्या काही सेकंदांत एका फरशीवर पाच थेंब असतात, शेजारचीवर दोन, तिसरी कोरडीच. अर्ध्या तासाने सगळ्या फरशा सारख्याच ओल्या दिसतात. तेव्हाही थेंब मोजले तर फरक असेलच, पण हजारांमध्ये दहा-वीस इकडेतिकडे झाले तर कुणाच्या लक्षात येतं?

प्रकाशही असाच थेंबाथेंबाने येतो. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी प्रकाश ठरावीक ऊर्जेच्या पुडक्यांत येतो ही कल्पना मांडली. त्या पुडक्यांना पुढे फोटॉन म्हणू लागले. हे नाव रूढ झालं ते १९२६ मध्ये गिल्बर्ट लुईस यांच्यामुळे. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक फरशी. शटर उघडं असेपर्यंत तिच्यावर किती फोटॉन पडले, एवढंच तो मोजतो. आणि फोटॉन रांग लावून, ठरलेल्या अंतराने येत नाहीत. सरासरी ठरलेली असते, प्रत्यक्ष आकडा नशिबाचा.

या नशिबालाही हिशेब आहे. सरासरी संख्येचं वर्गमूळ काढा, चढउतार साधारण तेवढा असतो. उन्हातल्या भिंतीवरून एका पिक्सेलमध्ये १०,००० फोटॉन आले, तर फरक शंभराच्या घरात, म्हणजे १ टक्का. डोळ्याला तो जाणवत नाही. मांजराच्या पाठीवरून २५ आले, तर फरक पाचाचा, म्हणजे तब्बल २० टक्के. शेजारशेजारचे दोन पिक्सेल, एकाच काळ्या केसाकडे बघणारे, एक म्हणतो २०, दुसरा म्हणतो ३०. झाला ठिपका. मौज अशी की आकड्यात पाहिलं तर चढउतार उजेडातच जास्त आहे, पाचाच्या जागी शंभर! पण तिथे तो गर्दीत हरवतो.

उजेडाच्या या फरकाचा आपल्याला अंदाजच नसतो. भर उन्हात सुमारे १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो, संध्याकाळी दिवा लावलेल्या खोलीत जेमतेम शंभर. हजारपट कमी! डोळे मात्र चटकन जुळवून घेतात आणि ‘बराच उजेड आहे की’ असं सांगून आपल्याला फसवतात.

ठिपके रंगीत का, याचंही उत्तर याच मोजणीत आहे. पिक्सेलला रंग कळत नाही. म्हणून प्रत्येकावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही रचना, १९७६ चं पेटंट. त्यात निम्मे पिक्सेल हिरवे. प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग कॅमेरा शेजाऱ्यांना विचारून भरतो. एका निळ्या पिक्सेलची मोजणी नशिबाने जास्त भरली की आजूबाजूच्या सगळ्यांना थोडी निळी झाक येते. त्यातून पिवळट दिव्यात निळा प्रकाश मुळातच कमी. पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा तो तुटपुंजा निळा ताणून वाढवतो. काळ्या पाठीवर मला निळे डागच जास्त छळतात, ते यामुळे.

डोळ्यांना मात्र ही पाठ स्वच्छ दिसते. कारण डोळा हिशेब एकत्र करतो. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींचे संदेश पुढे एकेकटे जात नाहीत, पुष्कळ पेशींची बेरीज होऊन जातात; शिवाय ती बेरीज सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ चालते. फरशा जोडून एक मोठी फरशी केली की थेंबांचा असमानपणा बुजतो, तसं. याची किंमतही आपण मोजतोच. चांदण्यात हातातल्या वर्तमानपत्राचा मथळा दिसतो, बारीक अक्षर लागत नाही, आणि रंग तर नाहीतच.

या बाबतीत १९४२ चा एक प्रयोग मला फार आवडतो. कोलंबिया विद्यापीठातले हेक्ट, श्लेर आणि पिरेन यांनी अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर अत्यंत क्षीण झोत क्षणभर टाकले आणि ‘दिसला का?’ एवढंच विचारलं. दंडपेशींनी ५ ते १४ फोटॉन शोषले की माणसाला झोत दिसतो, असा निष्कर्ष निघाला. पण खरी गोष्ट पुढेच आहे. तोच झोत तोच माणूस कधी दिसला म्हणायचा, कधी नाही. हा डळमळीतपणा बहुतांशी माणसाचा नव्हता. दर वेळी डोळ्यात पोचणारे फोटॉनच कमीजास्त होते. माझ्या सेन्सरसारखीच त्या बिचाऱ्यांवरही उगाच शंका आली असती.

उपाय म्हणजे थेंब जास्त जमवणे, दुसरा नाही. लेन्सचं छिद्र f/५.६ ऐवजी f/१.८ एवढं मोठं केलं तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. दिवा जवळ ओढता येतो, पण मग मांजर उठून जातं. किंवा शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. या शेवटच्या उपायाचा कळस जेफ्री टेलर या केंब्रिजच्या विद्यार्थ्याने १९०९ मध्ये गाठला. त्याने काजळी धरलेल्या काचांआडून येणाऱ्या मंद उजेडात सुईच्या सावलीचा फोटो काढला. सर्वांत मंद उजेडासाठी फोटो उमटवायची काच सुमारे ३ महिने उघडी ठेवली. त्या काळात साहेब शिडाच्या होडीतून भटकंतीला गेले होते, अशी कथा सांगतात. उजेड इतका अपुरा, तरी सावलीच्या कडेचे पट्टे भरपूर उजेडातल्यासारखेच स्पष्ट उमटले. वेळ पुरेसा दिला होता.

मोबाइलचा नाइट मोड तेच करतो, जरा हुशारीने. एकापाठोपाठ बरेच फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतो. १६ फोटोंची सरासरी घेतली की ठिपके चौथ्या हिश्शावर येतात, पुन्हा वर्गमूळच. ठिपके पुसणारी सॉफ्टवेअरंही आहेत, पण ती मोजत नाहीत, अंदाज करतात. मांजराचे केस त्यांना ठिपकेच वाटतात आणि पाठ प्लास्टिकची होते. त्यापेक्षा मला ठिपके परवडले.

परवा ट्रायपॉड लावून, श्वास रोखून, मांजराचे १६ फोटो घेतले आणि संगणकावर एकावर एक रचले. पाठ अशी आली की हात फिरवावासा वाटावा. बाराव्या फोटोला मात्र त्याने कान पाडला होता. त्यामुळे आता त्याला तीन कान आहेत, दोन ठसठशीत आणि एक पुसट.