भर दुपारी सोलर शून्य दाखवतोय? फोन करायच्या आधी हे वाचा

आमच्याकडून नवीन कॅम्पर व्हॅन घेऊन गेलेल्यांचा पहिला फोन बहुतेक हाच असतो, की बारा वाजलेत, कडक ऊन आहे आणि कंट्रोलर (पॅनलकडून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) ५-१० वॅटच दाखवतोय, पॅनल गेलं वाटतं. पॅनल गेलेलं नसतं, बॅटरी भरलेली असते. स्क्रीनवर फ्लोट (म्हणजे बॅटरी भरलीये, आता फक्त भरलेली टिकवायची) लिहिलंय का बघा. असेल तर फ्रिज, पंखे चालू करा, वॅट लगेच वर चढतात. नाही चढले तर मात्र खुशाल फोन करा.

आणि 200 वॅटचं पॅनल म्हणजे 200 वॅट मिळणार असं नाही हो. तो आकडा पॅनल 25 डिग्रीवर असतानाचा, मे महिन्यात टपावर ते 60 च्या वर तापतं आणि दर डिग्रीला साधारण 0.4 टक्के कमी होत जातं, शिवाय आपलं पॅनल आडवं झोपलेलं, त्यामुळे 140-150 दिसले तरी उत्तम समजा. आंब्याखाली गाडी लावली तर झोप छान लागते पण चार्जिंग विसरा, एका फांदीची सावलीसुद्धा बरंच खाते.

आता बॅटरी मॉनिटर. त्यावरचे अँपिअर म्हणजे आत आलेले वजा बाहेर गेलेले. सोलर 8 देतोय, फ्रिज 5 खातोय, तर मॉनिटरवर 3 च दिसणार, बाकीचे कुठे गळत नाहीयेत. मायनस दिसलं की बॅटरी रिकामी होतेय, एवढं पाठ करा.

व्होल्टेज बघून टक्के ओळखायची सवय जुन्या लेड अ‍ॅसिडमुळे लागलीये, तिथे 12.7 म्हणजे फुल आणि 12.2 म्हणजे अर्धी, तेही काही तास लोड-चार्जिंग सगळं बंद ठेवल्यावर. लिथियममध्ये 40 टक्के असो नाहीतर 80, आकडा 13.1 ते 13.3 मध्येच घुटमळतो. इंडक्शन लावलं की इन्व्हर्टर बॅटरीतून दीडशे अँपिअर ओढतो, तेव्हा व्होल्टेज खाली येणारच, चहा झाला की परत वर येतं.

मग टक्के कुठून येतात? बॅटरीच्या निगेटिव्हला आम्ही शंट बसवलाय, तो पाण्याच्या मीटरसारखा येणंजाणं मोजतो, टाकीत डोकावून बघत नाही. त्यामुळे बारीक चुका साठत जातात आणि बॅटरी पूर्ण भरली की मॉनिटर स्वतःला 100 वर आणतो. पावसाळ्यात कोकणात आठ-दहा दिवस फिरलात आणि एकदाही फुल झाली नाही तर त्या टक्क्यांवर फार विसंबू नका, घरी आल्यावर 230 व्होल्टचा चार्जर लावा आणि शंभर होईपर्यंत काढू नका.

एक कळकळीची विनंती, वाटेत कुणाकडून जादा लाइट किंवा पंप बसवून घेतलात तर त्याची निगेटिव्ह वायर थेट बॅटरीला जोडू देऊ नका, शंटच्या पलीकडच्या, म्हणजे बॅटरी नसलेल्या बाजूला जोडायला सांगा. नाहीतर तो करंट मोजलाच जात नाही, मॉनिटर 60 टक्के म्हणत राहतो आणि रात्री दोनला फ्रिज बंद पडतो (आणि शिव्या आम्हाला!).

स्पितीला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, लिथियम सेल शून्य डिग्रीच्या खाली गेले की बीएमएस (बॅटरीतलं तिला जपणारं सर्किट) चार्जिंग बंद करतो, म्हणून सकाळी लख्ख ऊन असून 0 अँपिअर दिसतील. केबिन जरा गरम होऊ द्या, बॅटरी सीटखालीच आहे, तिला ऊब मिळाली की चार्जिंग आपोआप चालू होतं.