नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज टाकताना येणारे एरर: मागची सगळी गोष्ट

जुनी विंडोज टाकायला घेतली आणि निळी स्क्रीन आली की पहिला संशय सीडीवर, मग पेनड्राइव्ह परत बनवायचा, मग रॅम काढून पुसून लावायची, मग हार्ड डिस्कच गेली असं ठरवून मोकळं व्हायचं, हे सगळं मीही केलंय. बहुतेक वेळा यातलं काहीच गेलेलं नसतं. इन्स्टॉलरची सीडी ज्या वर्षी बनली त्या वर्षापर्यंतचंच हार्डवेअर तिला ओळखता येतं आणि समोरचा लॅपटॉप त्यानंतर जन्माला आलेला असतो, दोघांची तोंडओळखही नसते. मग मार्ग दोनच उरतात, एक तर लॅपटॉपने आपण जुने असल्याचं सोंग घ्यायचं, नाहीतर सीडीला नव्या गोष्टी शिकवायच्या. आजवर जेवढे म्हणून उपाय ऐकलेत ते फिरून फिरून या दोनातच येतात.

हा प्रकार घरोघरी पोचला तो व्हिस्टाच्या काळात. एक्सपी आली ऑक्टोबर २००१ मध्ये आणि व्हिस्टा सर्वसामान्यांसाठी आली थेट जानेवारी २००७ च्या शेवटी, म्हणजे पाच वर्षं लोकांचा हात एकाच विंडोजवर बसलेला. नवे लॅपटॉप व्हिस्टा घालून यायला लागले आणि एक जीबी रॅमवर ती अशी काही रांगायची की मालकच वैतागून एक्सपी परत मागायचा. मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाच्या बिझनेस आणि अल्टिमेट आवृत्त्यांना एक्सपी प्रोफेशनलवर मागे जायची अधिकृत मुभा दिली होती, म्हणजे हे काही चोरून करायचं काम नव्हतं. फक्त मुभा कागदावर होती, लॅपटॉपला ती कुणी कळवलीच नव्हती.

२००८ मध्ये मामेभावाचा लॅपटॉप माझ्याकडे आला. "दादा, एक्सपी टाकून दे ना, तासाभराचं तर काम आहे." सीडी घातली, निळा टेक्स्टवाला सेटअप सुरू झाला, खाली एकामागून एक फायली लोड होताना दिसतात ते सगळं पार पडलं, शेवटी 'सेटअप इज स्टार्टिंग विंडोज' अशी ओळ आली आणि धाडकन स्टॉप एरर, लांबलचक शून्यं आणि शेवटी ७बी. तीनदा केलं, तीनदा तिथेच. या ७बीचं नाव इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, म्हणजे ज्या डिस्कवर जायचंय तिथे पोचताच येत नाहीये. डिस्क चांगली होती, त्याच डिस्कवरून व्हिस्टा सकाळपर्यंत चालत होती की.

कारण होतं एएचसीआय. सीरियल एटीए डिस्कशी बोलायची ही पद्धत इंटेलने २००४ च्या आसपास आणली आणि एक्सपीची सीडी त्याआधीची, तिला जुनी आयडीई पद्धतच येते. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारा छोटा प्रोग्राम) सहसा पर्याय असायचा, एएचसीआय काढून आयडीई किंवा कंपॅटिबिलिटी करा, झालं, डिस्क जुन्या भाषेत बोलायला लागते. हे पहिलं सोंग. पण बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये तारीख, पासवर्ड आणि बूटचा क्रम सोडला तर बदलण्यासारखं काही नसायचंच, हा लॅपटॉपही त्यातलाच निघाला.

मग राहिला दुसरा मार्ग, सीडीला शिकवायचा. एक्सपीच्या सेटअपमध्ये सुरुवातीला काही सेकंद खाली एक ओळ येते, बाहेरचा स्कझी किंवा रेड ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला डिस्कच्या कंट्रोलरशी बोलायला शिकवणारा छोटा प्रोग्राम, द्यायचा असेल तर एफ६ दाबा. दाबलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं की ड्रायव्हरची फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये घाला. फ्लॉपी! लॅपटॉपला फ्लॉपीची फटच नव्हती, आणि सेटअप दुसरीकडून कुठून म्हणजे कुठूनही ड्रायव्हर घ्यायला तयार नाही, ना पेनड्राइव्ह ना दुसरी सीडी. यूएसबीची बाहेरची फ्लॉपी ड्राइव्ह काहींची चालायची काहींची नाही. त्यामुळेच एनलाइटसारखी टूल इतकी पसरली, त्यात सीडीतल्या फायली काढायच्या, एएचसीआयचा ड्रायव्हर 'टेक्स्टमोड' म्हणून आत घुसवायचा आणि नवी सीडी राइट करायची. याला लोक स्लिपस्ट्रीम करणं म्हणायचे. चौथ्या सीडीला एकदाची ती डिस्क दिसली (आधीच्या तिन्हींमध्ये मी चिपसेटचा ड्रायव्हर चुकीचा निवडला होता, दोष माझाच).

त्याच सुमाराला दिसणारा दुसरा घोळ म्हणजे डिस्क दिसते पण अर्धीच. एक्सपीची अगदी पहिली सीडी १३७ जीबीच्या पुढची डिस्क ओळखत नाही, कारण सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या ५१२ बाइटच्या एका कप्प्याचा, पत्ता २८ बिटांचा होता आणि त्यात तेवढंच मावतं. २००२ च्या सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टचा मोठा अपडेट) पासून ४८ बिटांचा पत्ता आला आणि प्रश्न मिटला, त्यामुळे सर्व्हिस पॅक असलेली सीडी शोधा म्हणतात त्याला अर्थ आहे.

आता हे सगळं इतकं नाजूक का, ते कळायला बरंच मागे जावं लागतं. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये बायोसचं काम साधं होतं, डिस्कचा पहिला सेक्टर म्हणजे फक्त ५१२ बाइट मेमरीत आणायचे आणि ताबा तिकडे द्यायचा, पुढचं तुमचं तुम्ही बघा. १९८३ मध्ये हार्ड डिस्कवाली पीसी एक्सटी आणि तिच्यासोबत डॉस २.० आली, तेव्हा त्या पहिल्या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड केलं. ५१२ मधले ४४६ बाइट कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, यादीला, त्यात चारच नोंदी, आणि शेवटचे दोन बाइट खुणेचे. बस. तो सेक्टर चालू पार्टिशनच्या बूट सेक्टरला हाक मारतो, तो विंडोजच्या लोडरला, लोडर कर्नलला, म्हणजे विंडोजच्या गाभ्याला. सगळी रिले शर्यत आहे, बॅटन कुठे पडली तेवढंच एररमधून कळतं. आणि ही ५१२ बाइटवाली पद्धत पुढची जवळजवळ तीस वर्षं घराघरातल्या पीसीत तशीच चालली याचं मला अजून नवल वाटतं.

एक्सपीपर्यंत त्या लोडरचं नाव एनटीएलडीआर आणि त्याची चिठ्ठी बूट डॉट आयएनआय, साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये उघडता येणारी. व्हिस्टाने दोन्ही बदललं, लोडर झाला बूटएमजीआर आणि चिठ्ठीच्या जागी बीसीडी नावाचा डेटाबेस आला. म्हणून 'एनटीएलडीआर इज मिसिंग' दिसलं तर हाक मारणारा बूट सेक्टर जुन्या घराण्यातला आहे आणि 'बूटएमजीआर इज मिसिंग' दिसलं तर नव्या, एवढं त्या एका ओळीवरून सांगता येतं. दोन्ही विंडोज ठेवायच्या तर आधी जुनी मग नवी टाका हा सल्ला इथूनच आला, कारण एक्सपी नंतर टाकली की ती बूट सेक्टर आपल्या नावावर करून घेते आणि व्हिस्टा डिस्कवर जशीच्या तशी असून गायब झाल्यासारखी वाटते. मग ती परत आणायची व्हिस्टाच्या डीव्हीडीवरून स्टार्टअप रिपेअर करून, किंवा बूटरेकची कमांड फिक्सबूट आणि रीबिल्डबीसीडी लावून. इतकं करूनही काही जण आख्खी डिस्क फॉरमॅट करायचे, ते बघून जीव तुटायचा.

मामेभावाचा लॅपटॉप पंधरा दिवसांनी परत आला तो याच साखळीतला. आता मेसेज वेगळा, एचएएल डॉट डीएलएल मिसिंग ऑर करप्ट, म्हणजे विंडोज आणि हार्डवेअर यांना जोडणारी फाइल गायब किंवा खराब. हा एरर भयंकर फसवा आहे, लोक ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आणून टाकत बसतात आणि फाइल मुळात जागेवरच असते. विचारलं काय केलंस, तर म्हणे "काही नाही, सुरुवातीला एक लपलेलं पार्टिशन होतं ते उडवलं, जागा हवी होती." ते कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन. बूट डॉट आयएनआयमध्ये लिहिलेलं असतं की विंडोज अमुक डिस्कच्या अमुक नंबरच्या पार्टिशनवर आहे, आमच्याकडे तो नंबर २ होता, पहिलं उडवल्यावर दोनाचं एक झालं आणि चिठ्ठी मात्र दोनच सांगत राहिली. लोडर सांगितलेल्या पत्त्यावर गेला, तिथे त्याला सगळ्यात आधी लागणाऱ्या फायलींपैकी एचएएल मिळाली नाही, त्याने तिचं नाव घेतलं. एक्सपीच्या सीडीवरच्या रिकव्हरी कन्सोलमधून बूटसीएफजी रीबिल्ड केलं, पाच मिनिटं लागली. फाइल शोधण्यात त्याचे दोन दिवस गेले होते.

मग विंडोज ७ आली, ऑक्टोबर २००९, तिला एएचसीआय यायचं, आणि काही वर्षं जरा शांततेत गेली. पण पायाच बदलायला घेतला होता. इंटेलने नव्वदच्या दशकात आयटेनियम या आपल्या प्रोसेसरच्या सर्व्हरसाठी बायोसऐवजी ईएफआय बनवायला घेतलं होतं, २००५ मध्ये ते अनेक कंपन्यांच्या मंचाकडे गेलं आणि यूईएफआय झालं. त्यात ५१२ बाइटची कसरत नाही, फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच असलेला हा प्रोग्राम, स्वतः एक छोटं फॅट पद्धतीचं पार्टिशन वाचतं आणि त्यातली फाइल चालवतं, डिस्कची यादी जीपीटी पद्धतीची, त्यामुळे चार पार्टिशनची आणि दोन टीबीची जुनी मर्यादा गेली. जुन्यांसाठी त्यात सीएसएम नावाचा भाग ठेवला होता, तो चालू केला की यूईएफआय बायोस असल्याचं नाटक करायचा. दुसरं सोंग. पण डिस्क जीपीटी आणि इन्स्टॉलर लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या, मोडमध्ये सुरू झालेला असा मेळ बसला की सेटअप सरळ सांगतो या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही, आणि लोकांना वाटतं डिस्क खराब. पेनड्राइव्ह बूट मेन्यूत दोनदा का दिसतो, एकदा नुसता आणि एकदा यूईएफआय असं पुढे लावून, त्याचं उत्तर हेच. तो एकच पेनड्राइव्ह, दोन दारांनी आत जायची सोय.

२०१२ च्या विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट आलं, लॅपटॉपवर पहिल्यापासून चालू. ज्याच्यावर ओळखीची सही नाही तो लोडर चालवायचा नाही असा नियम. विंडोज ७ ला हे झेपत नाही, म्हणून आधी ते बंद करा. बंद करून, यूईएफआयमधून, ६४ बिटवाली विंडोज ७ टाकली तरी कित्येक लॅपटॉप 'स्टार्टिंग विंडोज'च्या रंगीत लोगोवर थिजून बसायचे, रात्रभर ठेवा हलणार नाही. तिथे घोटाळा चित्राचा होता, विंडोज ७ स्क्रीनवर काही काढायला अजून जुन्या बायोसची व्हिडिओ सेवा मागते आणि सीएसएम बंद असेल तर ती द्यायला कुणीच नसतं.

मला सगळ्यात गंमतीचा वाटतो तो २०१५ नंतरचा, स्कायलेक या इंटेलच्या प्रोसेसरवाल्या लॅपटॉपचा एरर. विंडोज ७ चा सेटअप पेनड्राइव्हवरून छान सुरू होतो, भाषा विचारतो, इन्स्टॉल नाऊ दाबलं की म्हणतो सीडी डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर मिळत नाही. अरे पण सीडी आहेच कुठे? होतं असं की सुरुवातीला पेनड्राइव्ह फर्मवेअर वाचत असतं, नंतर विंडोज स्वतःच्या ड्रायव्हरने वाचायला जाते, आणि तिच्याकडे यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. जुन्या चिपसेटमध्ये यूएसबी २ चा वेगळा कंट्रोलर असायचा म्हणून निळ्याऐवजी काळ्या पोर्टला लावा हा उपाय चालायचा, स्कायलेकच्या चिपसेटमध्ये तो कंट्रोलरच काढून टाकला. ज्या पेनड्राइव्हवरून सेटअप आला तोच त्याला दिसेनासा होतो, बाहेरून लावलेला माउस आणि कीबोर्डही गप्प. इंटेलने मग स्वतःच एक छोटं टूल दिलं, पेनड्राइव्हमध्ये हे ड्रायव्हर भरून देणारं, म्हणजे पुन्हा स्लिपस्ट्रीमच, फक्त सीडी राइट करायची नाही. एनव्हीएमई या नव्या, वेगवान एसएसडी डिस्कचंही तसंच, विंडोज ७ साठी वेगळा हॉटफिक्स (मायक्रोसॉफ्टची छोटी दुरुस्ती) आत घालायचा.

सोंगांचे दिवसही भरत आले होते. इंटेलने २०१७ मध्येच सांगून टाकलं की २०२० पर्यंत जुन्या बायोसचा आधार काढून घेणार. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला थांबवला. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये सीएसएमचा पर्याय शोधत बसू नका, बहुतेक मिळणार नाही, मग जुनी विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे चालू विंडोजच्या आत चालणाऱ्या बनावट कॉम्प्युटरमध्ये, टाकणंच शहाणपणाचं, तिथे हार्डवेअरही पाहिजे तेवढं जुनं मिळतं.

आता जुनी विंडोज म्हणजे विंडोज १० झाली आहे. ११ आवडली नाही म्हणून १० टाकायला जातात, २०२० पासूनच्या इंटेलच्या अकराव्या पिढीच्या किंवा पुढच्या लॅपटॉपवर, आणि सेटअप म्हणतो एकही ड्राइव्ह सापडला नाही. कारण व्हीएमडी, डिस्क या कंट्रोलरच्या मागे लपते आणि इन्स्टॉलरला तो माहीत नाही. एक तर बायोसमध्ये पर्याय असेल तर व्हीएमडी बंद करा, पण आधीची विंडोज ठेवायची असेल तर थांबा, कारण ती बूट होताना अडखळू शकते, आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या, बायोसमध्ये हात घातला की ती मागितली जाऊ शकते. नाहीतर लोड ड्रायव्हर दाबून इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्या. तो ड्रायव्हर झिप फाइलमध्ये मिळाला तर तिचं नाव एकदा नीट वाचा. बऱ्याचदा ते एफ६एफएलपीवाय असं असतं, म्हणजे एफ६ची फ्लॉपी.