द्राक्षबागेत फिरणारा छोटा ट्रॅक्टर इथपर्यंत आला कसा

नाशिककडच्या निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, कुठल्याही बागेत बघा, ओळीतून एक बुटका ट्रॅक्टर मागे ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने औषध फवारणारं यंत्र, लावून फिरताना दिसतोच. ट्रॅक्टर म्हटलं की लोक आधी एचपी विचारतात, पण माझं मत विचाराल तर खरी सुधारणा इंजिनापेक्षा मागच्या बाजूला झालीय.

1892 मध्ये अमेरिकेतल्या आयोवात जॉन फ्रोलिकने पेट्रोल इंजिनचा ट्रॅक्टर चालवून दाखवला, 1917 पासून फोर्डने फॉर्डसन कारखान्यातून धडाधड काढले. पण तो म्हणजे नुसता लोखंडी बैल, नांगर मागे अडकवायचा आणि ओढत न्यायचा. नांगर खडकात अडकला की चाकं तिथेच, तोंड वर आणि ट्रॅक्टर थेट मागे उलटायचा, माणसं मेलीत त्यात.

यावर तोडगा काढला आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने. नांगर जोडायला खाली दोन लिंक म्हणजे दांडे, वर एक टॉपलिंक, सोबत हायड्रोलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी उचल. जमीन कडक लागली की टॉपलिंकवर दाब येतो, तो दाब हायड्रोलिकला कळतो आणि नांगर आपोआप थोडा वर उचलला जातो, शिवाय नांगराचं वजन मागच्या चाकांवर येतं त्यामुळे चाकं घसरत नाहीत. 1939 च्या फोर्ड 9एन ट्रॅक्टरमुळे हे सगळीकडे पोचलं आणि आज आपल्याकडचा नवा कोरा ट्रॅक्टर घ्या, मागे तीच रचना आहे! रबरी टायर त्याआधीच, 1932 मध्ये अ‍ॅलिस-चाल्मर्सने आणले होते.

आपल्याकडे 1959 ला फरीदाबादला आयशर, 1963 ला महिंद्राची इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत कंपनी, 1974 ला स्वराज, ज्याचं डिझाइन दुर्गापूरच्या सरकारी संस्थेतल्या आपल्याच इंजिनिअरांनी केलं, याचा मला फार अभिमान वाटतो. पण हे सगळे नांगरटीचे आणि ट्रॉलीचे गडी, आठ-नऊ फुटांच्या ओळीत आणि मांडवाखाली ते कसे फिरणार? म्हणून बांधावर पंप ठेवायचा, लांबच लांब पाइप ओढायचा आणि मजुरांनी हातात गन धरून फवारायचं, औषध अंगावर घेत.

अरुंद, बुटके ट्रॅक्टर आले तेव्हा हे बदललं. ब्लोअर चालतो पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, मिनिटाला 540 फेरे. एकच क्लच असेल तर गिअर बदलायला क्लच दाबला की ब्लोअरपण मंदावतो, फवारा तुटतो, म्हणून डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ बागायतदाराला लागतोच लागतो. फोर व्हीलचंही, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरचंही तसंच, छाटणीनंतर पाऊस झाला की डावणी या बुरशीच्या रोगाची भीती, फवारणी थांबवता येत नाही आणि काळ्या रानात टू व्हील रुतून बसतो.

त्यामुळे घेताना इंजिनच्या एचपीवर जाऊ नका, पीटीओला किती एचपी मिळतो ते विचारा, तो नेहमी कमीच असतो आणि ब्लोअर त्याच्यावरच फिरतो.