‘हा मुद्दाम करतोय’

पहिलीतला एक मुलगा सारखा जागेवरून उठतो. एका बाईंना वाटतं, आज याचं काहीतरी बिनसलंय. दुसऱ्या बाईंना वाटतं, हा मुद्दाम करतोय. मूल तेच, उठणंही तेच, पण त्याला शिक्षा होणार की विचारपूस, हे या वाटण्यावर ठरतं.

असं वाटणं बहुतेक वेळा नकळत असतं. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या वॉल्टर गिलियम यांच्या गटाने २०१६ साली बालवाडीच्या सव्वाशेहून अधिक शिक्षकांना काही चित्रफिती दाखवल्या. त्यांत चार मुलं खेळत होती : कृष्णवर्णीय मुलगा आणि मुलगी, गोरा मुलगा आणि मुलगी. कोण खोड्या करतंय, यावर लक्ष ठेवायला शिक्षकांना सांगितलं होतं. खरं तर एकाही चित्रफितीत खोडी नव्हतीच. पण नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राने दाखवलं, की शिक्षकांचे डोळे सर्वाधिक वेळ कृष्णवर्णीय मुलावर खिळले होते. आपल्याकडे रंगाच्या जागी आडनाव ठेवून पाहावं.

ज्याच्यावर सतत डोळा, तोच सापडतो. मग शिक्षा, बुडालेला तास, न कळलेला धडा, कंटाळा आणि पुन्हा चुळबुळ. ‘मी म्हटलंच होतं,’ असं म्हणायला शिक्षक मोकळे.

हे चक्र तोडता येतं का? मानसशास्त्रज्ञ जेसन ओकोनोफुआ आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या पाच माध्यमिक शाळांमधल्या गणिताच्या ३१ शिक्षकांवर प्रयोग केला. काहींना तासाभराहून थोडं जास्त वेळाचं ऑनलाइन साहित्य दिलं. मुलं का बिथरतात, शिक्षकाने ऐकून घेतलं की त्यांना कसं वाटतं, हे त्यात मुलांच्याच अनुभवांतून मांडलं होतं. आपण वर्गात काय करू, हे शिक्षकांनी स्वतः लिहायचं होतं. इतरांना तंत्रज्ञानाच्या वापराबद्दलचं साहित्य दिलं. वर्षअखेर दुसऱ्या गटाच्या मुलांपैकी ९.६ टक्के निलंबित झाली होती, पहिल्या गटाच्या मुलांपैकी ४.८ टक्के. निलंबन म्हणजे काही दिवस शाळेत यायचंच नाही.

मला या आकड्यांपेक्षा मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. साहित्य मिळालं फक्त गणिताच्या शिक्षकांना, पण निलंबन शाळेत कुठेही, कुठल्याही तासाला होऊ शकत होतं. आणि पहिल्या गटातली, आधी निलंबन भोगलेली मुलं दोन महिन्यांनी दुसऱ्या गटातल्या अशाच मुलांपेक्षा जास्त सांगत होती, की गणिताचे शिक्षक आपल्याला मान देतात.